पापण्या नसलेला मासा

फाटकातून तिने आत पाऊल टाकलं आणि घंटा वाजली.

इंदिराला वाटलं, मधली सुट्टी झाली. आता मुलं आरडाओरडा करत बाहेर येतील, म्हणून बाटल्यांची पेटी छातीशी धरून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. पण झालं उलटंच. मैदानात पळणारी मुलं होती तिथेच मटकन खाली बसली. व्हरांड्यातून चाललेल्या मुख्याध्यापिका पायरीवर टेकल्या. घंटा वाजवणाऱ्या मावशींनी कमरेला खोचलेलं लहानसं पुस्तक काढलं आणि लिंबाखाली बसून त्या ओठ हलवत वाचू लागल्या.

बाहेर सातपूर नेहमीसारखं गर्जत होतं. बसचे हॉर्न, कुठल्याशा कारखान्याचा भोंगा... आणि भिंतीच्या आत एक अख्खी शाळा गप्प झाली होती.

"मॅडम... बसा."

कुजबुज तिच्या खांद्याजवळून आली होती. चौकटीचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, बोटांना वाळलेला डिंक.

"मी टाकीतल्या पाण्याचा नमुना घ्यायला—"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. "वाचनाची घंटा आहे. फाटकाच्या आत जो असेल त्याने वाचायचं."

"पण मी बाहेरची आहे."

"आता आत आहात."

"आणि पाणी?"

"पाण्याला सूट आहे. तुम्हाला नाही." तो हसला. व्हरांड्यातल्या दोरीवर चिमटे लावून पुस्तकं टांगली होती, त्यातलं हाताला आलं ते त्याने काढून तिला दिलं. "वीसच मिनिटं."

ती पायरीच्या कडेला बसली. पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ, लोकरीने शिवलेली पानं, आत स्केचपेनने काढलेला निळा मासा. 'माशाची झोप'. नदीकाठी एक मोठं यंत्र होतं, ते रात्रभर धडधडायचं, त्यामुळे माशाला झोप लागत नव्हती. शेवटी एका कासवाने यंत्राला समजावलं, आणि मग माशाने डोळे मिटले.

इंदिरा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथला कुठलाही अहवाल तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे, आणि ती वाचायला लागली की हातात लाल पेन आपोआप यायचं. कपाळावरचे केस मागे सारावेत, इतकं आपोआप. अक्षर लहान मुलाचं आहे, हे तिला दिसत होतं. तरीही हात चालत राहिला. 'डोळे मिटले' खाली तिने रेघ मारली आणि समासात लिहिलं— माशांना पापण्या नसतात. पुढच्या पानावर पुन्हा रेघ. शेवटच्या पानावर मासा गाढ झोपला होता, त्याच्या मिटलेल्या डोळ्यावर फुली. आणि सगळ्यात खाली, रोजच्यासारखं, 'तपासले — इं.'

घंटा झाली. मैदान पुन्हा ओरडायला लागलं.

एक मुलगी धावत आली. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. "सर, त्यांनी माझं पुस्तक वाचलं? आवडलं का, विचारा ना!"

त्या क्षणी इंदिराने पुस्तकाकडे पाहिलं. म्हणजे खरोखर पाहिलं.

तिने ते मिटायचा प्रयत्न केला, पण मुलीचा हात आधी पोहोचला. एक पान... दुसरं... शेवटचं. मुलगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने पुस्तक पोटाशी धरलं आणि सरांना हळूच म्हणाली, "पालखीत माझं पुस्तक नका ठेवू, सर. चुकीचं आहे ते."

"उज्वला, थांब—"

ती थांबली नाही.

इंदिराचे कान तापले. मान वर करायची हिंमत होईना. "मला... माझं लक्षच नव्हतं. मी मुद्दाम नाही..."

"माहितीये," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि हसूही नव्हतं. "वाचन प्रेरणा दिनाला आमची ग्रंथदिंडी निघते. मुलांनी स्वतः केलेलं एक पुस्तक पालखीत सगळ्यात वर ठेवतो. यंदा हिचं होतं. तिच्या वडिलांना रात्रपाळी असते. दिवसा खोलीत आवाज, झोप होत नाही... त्यांच्यासाठी लिहिलं होतं तिने."

इंदिराने टाकीतलं पाणी बाटलीत भरलं. झाकण लावून ती पेटीत ठेवली आणि मान खाली घालून फाटकाबाहेर पडली.

*

घरी आईने विचारलं, "काय गं, जेवत का नाहीस?"

"काही नाही."

काही नाही कसं? डोळे मिटले की ती फुली दिसायची. आपली फुली. इतकी सरळ, इतकी नीटनेटकी.

चार दिवसांनी ती शाळेत गेली. फाटकाशी घंटावाल्या मावशी, लंकाबाई, भेटल्या. "त्या दिवशीच्या मॅडम का?" त्यांनी नखशिखान्त पाहिलं. "पेन आणलंय का आज पण?"

"नाही हो."

"मग जावा. हर्षल सर वाचनालयात हायेत."

तर त्याचं नाव हर्षल होतं.

वाचनालय म्हणजे जिन्याखालची एक खोली. तो जमिनीवर बसून पुस्तकांना कव्हरं घालत होता. इंदिरा दारातूनच म्हणाली, "मला ते पुस्तक द्याल? लाल शाई निघते. मी प्रयोगशाळेत काढून आणते."

त्याने कपाटातून पुस्तक काढलं. उज्वलाने ते दोरीवर परत लावू दिलं नव्हतं. "नक्की निघते?"

"नक्की," इंदिरा म्हणाली. या एका गोष्टीची तरी तिला खात्री होती.

दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा त्या दारात उभी होती. तिने पुस्तक पुढे केलं.

हर्षलने शेवटचं पान उघडलं. लाल फुली गेली होती. मासाही गेला होता. त्याच्या जागी जांभळट निळा डाग कागदभर पसरला होता आणि मधे कुठेतरी शेपटीचं टोक तेवढं शिल्लक होतं.

"मी आधी कोऱ्या कोपऱ्यावर करून पाहिलं होतं," ती म्हणाली. "तेच पेन, तेच स्पिरिट. शाई निघाली. स्केचपेनचा रंग पण त्याच स्पिरिटमध्ये विरघळेल... हे मी तपासलं नाही."

त्याचे खांदे हलायला लागले.

"हसताय तुम्ही?"

"नाही, नाही... तुम्ही रसायनशास्त्र शिकलात ना?"

"एम.एस्सी."

"तरीच. साध्या माणसाला एवढं जमलं नसतं."

इंदिराच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला ती खिडकीकडे वळली, तर खिडकी नव्हतीच, नुसता नकाशा टांगलेला होता. नाशिक जिल्ह्याच्या नकाशाकडे ती बराच वेळ लक्षपूर्वक पाहत राहिली.

"ओ मॅडम..." त्याचं हसू थांबलं. "चुकलंच माझं. लय वाईट सवय आहे ही, नको तिथे हसायची. बसा ना."

"तुम्ही त्या दिवशी मला रागावला का नाहीत?"

"रागावलो होतो की. सायखेड्याला आईला फोन करून सांगितलं, एका बाईने आमच्या पोरीचं पुस्तक नासवलं. आई म्हणाली, परत आली का ती? म्हटलं, नाही. म्हणाली, आली तर लय बोलू नको तिला." त्याने डिंकाची बाटली उगाचच सरळ केली. "आणि तुम्ही आलात."

इंदिरा अजून नकाशाकडेच पाहत होती. सायखेडा... गोदावरीच्या काठावर एक बारीक ठिपका.

"मला उज्वलाशी बोलायचंय," ती म्हणाली.

उज्वला आली. डाग पाहिला. त्यावरून बोट फिरवलं. "मासा कुठे गेला?"

"माझ्यामुळे पुसला गेला," इंदिरा म्हणाली. ती खाली बसली, मुलीच्या डोळ्यांशी डोळे आणले. हे फार अवघड होतं. "मी दोनदा चुकले. पहिल्यांदा तुझ्या गोष्टीत नाक खुपसलं. नंतर ते लपवायला गेले. तुझी गोष्ट चांगली होती. मी ती गोष्टीसारखी वाचलीच नाही."

"पण पापण्या नसतात ना?"

इंदिरा घुटमळली. हर्षलकडे पाहिलं, तो काही मदत करणार नव्हता.

"...नसतात."

"मग माझं चुकलंच."

उज्वलाने पुस्तक मिटलं. "आता तुम्ही एक गोष्ट लिहा. मी तपासणार. पेन द्या ते."

"आज आणलं नाही."

"उद्या आणा. मला द्यायचं. परत नाही मिळणार."

"शिक्षा कमी आहे," हर्षल गंभीरपणे म्हणाला. "दोन गोष्टी लिहायला लावायच्या."

*

इंदिराने पाण्याच्या एका थेंबाची गोष्ट लिहिली. समुद्रातून वाफ, वाफेचा ढग, ढगातून डोंगर, डोंगरातून नदी, नदीतून नळ. एकही चूक नव्हती. उज्वला दोन्ही कोपरं बाकावर टेकून, जीभ बाहेर काढून तपासत होती.

पान परत आलं तेव्हा सगळं लाल होतं. 'हे आम्हाला परिसर अभ्यासात आहे.' 'कंटाळा.' 'कोणी बोलतच नाही.' आणि शेवटी, मोठ्या अक्षरात, 'थेंब एकटा का आहे? परत लिहा. तपासले — उ.'

इंदिराने पानाची पटकन घडी केली, पण हर्षलने वाचलं होतं.

शाळा सुटल्यावर दोघं फाटकासमोरच्या टपरीवर चहाला थांबली. रस्त्यावर पाळी सुटलेल्यांच्या मोटारसायकलींची रांग होती.

"थेंब एकटा का आहे, मॅडम?"

"प्रयोगशाळेतला आहे तो," ती कपाकडे पाहत म्हणाली. "तिथे ड्रॉपरने एकेकच घेतात."

"हात हलत नाही कधी कुणाचा? दोन पडत नाहीत?"

"पडले तर प्रयोग चुकतो."

"मग चुकू द्यावा की एखादा."

तिने मान वर केली. तो तिच्याकडेच पाहत होता. तिने पुन्हा कपात पाहिलं. आवडत होतं... पण त्याच्या नजरेला नजर दिली की मागून ती फुली उभी राहायची. या माणसाने आपल्याला पहिल्यांदा पाहिलं ते एका आठ वर्षांच्या मुलीचा मासा मारताना. आणि उज्वलाने अजून पुस्तकाबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. दिंडीच्या पालखीत कुठलं पुस्तक ठेवायचं, असं मुख्याध्यापिकांनी दोनदा विचारलं होतं. हर्षल दोन्ही वेळा 'बघतो' म्हणाला होता.

"तिने लिहिलंच नाही तर?" इंदिराने विचारलं.

"तर पालखीत वर काही नसेल."

"दुसरं कुणाचं ठेवा ना."

"नाही." तो हळू आवाजात म्हणाला. "तिच्या जागी दुसरं ठेवलं, तर तिला वाटेल तिची जागा गेली. रिकामी ठेवली, तर वाटेल कुणीतरी थांबलंय."

इंदिराला त्या क्षणी कळलं की आपल्याला हा माणूस आवडतो. चहा गार झाला होता, तरी तिने तो पूर्ण प्यायला. काहीतरी करत राहायला हवं होतं.

थेंब तिने परत लिहिला. मग आणखी एकदा. दर वेळी शाळेत यायचं निमित्त होतं, आणि निमित्त आहे हे ओळखून लंकाबाई दर वेळी विचारायच्या, "झाली का पास, मॅडम?" तिसऱ्या खेपेला थेंबाला दुसरा थेंब भेटला. दोघांचं भांडण झालं, नळाच्या तोंडाशी कोण आधी पडणार यावरून. उज्वला मोठ्यांदा हसली. लाल पेनने लिहिलं, 'बरं आहे.'

"बरं आहे?" इंदिरा म्हणाली. "फक्त बरं?"

"मॅडम, बरं म्हणजे आमच्याकडे लय झालं," हर्षल म्हणाला.

आणि जाता जाता, दारातून, उज्वलाने विचारलं, "ताई, पापण्या नसल्या तर मासा झोपतो कसा?"

इंदिराने श्वास घेतला. या वेळी तिने घाई केली नाही. "उघड्या डोळ्यांनी. एका जागी थांबतो. कल्ले हळूहळू हलतात. बघणाऱ्याला वाटतं, जागाच आहे."

"मग कुणाला कळत नाही तो झोपलाय ते?"

"जवळ जाऊन, गप्प राहून बघितलं तर कळतं."

उज्वला मान डोलावून निघून गेली. शाळेच्या पायरीवर तिची सुटलेली रिबीन राहिली होती. ती हर्षलने उचलून खिशात ठेवली.

*

वाचन प्रेरणा दिनाच्या सकाळी पालखी फुलांनी सजली. लेझीमची मुलं रांगेत उभी राहिली. कुणी राजा झाला होता, कुणी कोल्हा, एकजण नुसताच झाड. पालखीत पुस्तकं रचली होती आणि सगळ्यात वर झेंडूच्या कड्याच्या मधोमध जागा रिकामी होती. इंदिरा फाटकाशी उभी राहून त्या जागेकडे पाहत होती. आत जायला तिचे पाय धजत नव्हते.

"निघायचं का, सर?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"दोन मिनिटं, बाई."

दोनाची पाच झाली. मग रस्ता ओलांडून उज्वला येताना दिसली, बापाचा हात ओढत. दिनेश रात्रपाळीवरून थेट आला होता. गणवेशाच्या खिशावर तेलाचा डाग, डोळे टक्क उघडे आणि लाल.

तिच्या हातात नवं पुस्तक होतं. तीच लोकर, नवा पुठ्ठा. ते तिने आधी सरांना दिलं नाही. इंदिराला दिलं. "तपासा."

इंदिराने दोन्ही हात मागे घेतले. "नको गं..."

"तपासा ना. पेन माझ्याकडेच आहे."

इंदिराने वाचलं. मासा दमला होता. पण त्याला पापण्या नव्हत्या, म्हणून सगळे म्हणायचे, हा जागाच आहे, आणि त्याला आणखी कामं सांगायचे. फक्त कासव त्याच्या जवळ गेलं, गप्प राहिलं, आणि त्याला कळलं. मग कासवाने सगळ्या नदीला सांगितलं— शू... झोपलाय तो. शेवटच्या पानाच्या समासात निळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'माशांना पापण्या नसतात, हे इंदिराताईंनी सांगितलं.'

तिने पुस्तक नेऊन स्वतःच्या हाताने त्या रिकाम्या जागी ठेवलं.

दिनेश म्हणाला, "रात्री शिफ्टला निघालो तरी लिहीत बसली होती. मला म्हणे, पप्पा, तुम्ही जेवताना झोपता ते मला ठाऊक आहे." तो कसनुसा हसला आणि पालखीच्या दांड्याला खांदा द्यायला पुढे झाला.

दिंडी कोपऱ्यापर्यंत जाऊन वळली आणि परतीचा पाऊस आला. थेंब मोठाले, विरळ. "पुस्तकं! पुस्तकं!" एकच गलका झाला. इंदिराने ओढणी काढून पालखीवर पसरली. पलीकडून हर्षलने तिचं दुसरं टोक धरलं. मुलं, राजा, कोल्हा आणि झाड, सगळी फाटकातून आत पळाली. पालखी व्हरांड्यात टेकली तेव्हा दोघं तशीच उभी होती, ओढणीची टोकं हातात धरून. त्याच्या भुवईवर एक थेंब अडकला होता.

"भिजली ना तुमची ओढणी," तो म्हणाला.

"पुस्तक नाही भिजलं."

"इंदिरा..." तो पहिल्यांदाच नुसतं नाव घेत होता. "केव्हापासून सांगायचं होतं. मला तुम्ही..."

ठण्ण्ण!

लंकाबाईंनी घंटा वाजवली होती. वाचनाची वेळ ती वाचनाची वेळ. सगळं मैदान, सगळा व्हरांडा, होता तिथे बसला. दिनेशसुद्धा. हर्षलने तोंड उघडलं, लंकाबाईंनी डोळे वटारले, आणि स्वतःच केलेल्या नियमापुढे सर मुकाट्याने खाली बसले.

इंदिराच्या हाती कुठलंसं पुस्तक आलं. ती एकच ओळ वाचत होती. 'मला तुम्ही' पुढे काय येऊ शकतं? बरेच शब्द येऊ शकतात. मला तुम्ही एक पुस्तक द्या. मला तुम्ही फार त्रास दिलात. आपण काय काय गृहीत धरतोय, या विचाराने तिचे कान पुन्हा तापले. पलीकडे तो पुस्तक उलटं धरून बसला होता.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. दिनेश भिंतीला टेकला होता, मांडीवर माशाचं पुस्तक, डोळे उघडे... आणि तो हलत नव्हता. उज्वला त्याच्या शेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्या मुंग्यांनासुद्धा बोटाने गप्प करत होती. मग तिने इंदिराकडे पाहिलं आणि नियम मोडून कुजबुजली, "ताई, तुमचं पान उलटलंच नाही."

घंटा झाली एकदाची.

"मघाशी तुमचं वाक्य राहिलं," इंदिरा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू येत नव्हता.

"ते... वीस मिनिटं मनात तपासलं. फार चुका आहेत त्यात."

"म्हणा तरी."

"मला तू आवडतेस," हर्षल म्हणाला. मग घाबरून, "म्हणजे... लय."

इंदिराने मान खाली घातली. पायापासून डोक्यापर्यंत लाज वाटत होती, पण या वेळी ती पुसून टाकावी असं वाटत नव्हतं. तिने वळून हात पुढे केला. "उज्वला, ते पेन दे गं जरा."

"परत नाही मिळणार म्हटलं होतं."

"एकदाच."

"कुणाचं पुस्तक आहे?"

"पुस्तक नाही."

उज्वलाने संशयाने पेन दिलं. इंदिराने हर्षलचा हात उलटा केला. डिंकाने खरखरीत झालेला तळहात. त्यावर तिने एकही रेघ मारली नाही, एकही फुली नाही. फक्त खाली, कोपऱ्यात, सावकाश लिहिलं— तपासले — इं.

"सरांचं काही चुकलं का?" उज्वलाने विचारलं.

"नाही. सगळं बरोबर आहे."

"मग मला दाखवा."

हर्षलने मूठ मिटली.

खिचडीची वेळ झाली. नळाला रांग लागली. लंकाबाई एकेकाचे हात तपासत होत्या. "सर, नीट धुवा की. पोरं बघतात."

"धुतोय ना, मावशी."

पण त्याने नुसती बोटांची टोकं पाण्याखाली धरली होती. रांगेत मागे उभ्या असलेल्या इंदिराला ते दिसलं, आणि ती नळाच्या पाण्याकडे फारच लक्षपूर्वक पाहू लागली.